भरताचा ठोका, आजीची ओवी

अगं, ते सगळे व्हिडिओ आधी बंद कर. एकजण सांगतो, अमुक सॉफ्टवेअर नसेल तर बीट होतच नाही. दुसरा सांगतो, मशीन घे. तिसरा स्वतःचा कोर्स विकतो. हे सगळं बघून तू रात्री अकराला मला मेसेज टाकतेस की ताई, आपल्याला नाही जमायचं. अजून एक गाणं कापलं नाहीस आणि न जमल्याचा निकालही लावून मोकळी! उठ, पाणी पी, आणि ऐक.

तुझ्याकडे फोन आहे, भावाचा जुना लॅपटॉप दुपारी रिकामा असतो. एवढ्यावर सुरुवात होते. हेडफोन मात्र वायरचेच घे, जळगावात गोलाणी मार्केटला नाहीतर धुळ्याला आग्रा रोडवर साधे मिळतात ते चालतील. ब्लूटूथचे नकोत, कारण त्यात आवाज जरासा उशिरा कानात पोचतो. तू बोट मारतेस आता आणि ठोका ऐकू येतो नंतर, मग तुला वाटतं आपल्याला तालच नाही. ताल असतो गं, हेडफोन मागे पडतात. फोनवर कोआला सॅम्पलर टाक, किंवा बँडलॅब, ते फुकट आहे. लॅपटॉपवर कापाकापीला ऑडॅसिटी, तेही फुकट. एफएल स्टुडिओ पुढे कधीतरी. त्याच्या ट्रायलवर काम सेव्ह होतं पण विकत घेतल्याशिवाय पुन्हा उघडत नाही, एवढं लक्षात ठेव म्हणजे रडायची वेळ येणार नाही.

आता तुझा पहिला घोळ सोडवू. तू म्हणतेस, आपल्याकडे हळदीला डीजेवाले करतात तेच ना हे? नाही. तो पोरगा पूर्ण गाणं तसंच ठेवतो, खाली जोरदार ढोल टाकतो, मधेमधे स्वतःच्या नावाचा भोंगा वाजवतो. ते रीमिक्स. त्याला नावं ठेवू नकोस हं, आपल्या खान्देशातली निम्मी पोरं आवाजाचं तंत्र तिथेच शिकलीत, आणि अहिराणी गाणी घरोघरी पोचली त्यात त्यांचा वाटा आहे. पण सॅम्पलिंग म्हणजे गाण्यातून एक छोटा तुकडा उचलायचा, एखाद्या सतारीची दोन सेकंदं, एखादा श्वास, एखादा ‘हो’, आणि त्यातून असं काहीतरी उभं करायचं की मूळ गाणं आठवण्याआधी तुझं ऐकू यावं.

याची सुरुवात कुणी केली माहितीय? गोष्ट तुला आवडेल, कारण त्यात बहीण आहे. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीनं आपल्या इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. शाळा सुरू होणार होती आणि नव्या कपड्यांना पैसे हवे होते. गाणी वाजवायला भाऊ होताच, क्लाइव्ह, म्हणजे पुढे ज्याला सगळं जग डीजे कूल हर्क म्हणायला लागलं तो. त्याच्या ध्यानात आलं होतं की गायक थांबतो आणि नुसते ड्रम राहतात, त्या क्षणी लोक सगळ्यात जास्त नाचतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तेवढाच तुकडा आलटूनपालटून लांबवत राहायचा. हिपहॉप तिथून निघालं असं मानतात. भावाचं नाव पुस्तकात मोठ्या अक्षरात येतं, हॉल आणि तिकिटं बघणाऱ्या बहिणीचं कंसात. असो, घरोघरी हेच.

पुढे मशिनं आली. 1987 सालचं ई-म्यू कंपनीचं एसपी-1200 खूप गाजलं, आणि त्यात एकूण जेमतेम 10 सेकंदांचा आवाज मावायचा. दहा! मग पोरं काय करायची, तर तबकडी मुद्दाम जास्त वेगात फिरवून आत भरायची आणि मशीनमध्ये हळू करायची. जागा वाचायची, वर आवाजाला एक खरखरीत रंग यायचा. तुझ्या फोनमध्ये किती जागा आहे, जरा बघ. तेव्हा साधन कमी आहे ही तक्रार माझ्यापाशी करू नकोस.

बरं, कामाला लाग. घरात शिकण्यासाठी कुठलंही गाणं घे, जे तुला पाठ आहे असंच घे. खरं सांगू का, सगळ्यात अवघड काम बटणांचं नाहीच. दोन सेकंदं निवडणं हे अवघड. गाण्याचं तोंड सगळ्यांना आठवतं, ते सोड. दोन कडव्यांच्या मधलं संगीत ऐक, तिथे गायक नसतो, बासरीवाला एकटा असतो, व्हायोलिनचा ताफा श्वास घेतो. डोळे मिटून ऐक आणि जिथे मान आपोआप वळेल ती वेळ वहीत लिही, एक मिनिट बारा सेकंद, अशी. नुसतं ऐकून लिहायचं, संगणक बंद. माझ्या वहीत अशा नोंदींमध्ये किराणाची यादीही मिसळलीय, आणि एकदा मी हळद-जिऱ्याच्या शेजारी लिहिलेला आकडा भाव समजून दुकानदाराशी वाद घातला होता.

मग कापायचं. गाण्याचा वेग किती हे आधी काढ. समजा मिनिटाला 90 ठोके आहेत. 60 भागिले 90, म्हणजे एका ठोक्याला 0.67 सेकंद. चार ठोक्यांचं एक आवर्तन 2.67 सेकंदांचं, आणि अशी चार आवर्तनं घेतलीस तर साधारण 10.67 सेकंदांचा गोल तुकडा. हे त्रैराशिक शाळेत केलंय तू, घाबरतेस काय. सॉफ्टवेअर वेग आपोआप सांगतं, पण पुष्कळदा दुप्पट नाहीतर निम्मा सांगतं, 85 चा 170 करतं. पाय आपटून बघ, पाय खोटं बोलत नाही.

आता इथे आपल्या गाण्यांची एक गंमत आहे, ती त्या परदेशी व्हिडिओंत कुणी सांगणार नाही. त्यांची चौकट चार-चारची. आपला केहरवा आठ मात्रांचा, तो त्यात सरळ बसतो. पण दादरा सहा मात्रांचा. दादऱ्यातलं गाणं चारच्या चौकटीत कोंबलंस की ते लंगडायला लागतं, आणि तू तीन दिवस स्वतःला दोष देत बसशील. चौकट बदल, सहा-आठ लाव, काम झालं. दुसरं म्हणजे जुनी गाणी पन्नास माणसांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत, यंत्राच्या टिकटिकीवर नाही. कडव्यागणिक वेग किंचित सरकतो. म्हणून लांब तुकडा घेऊन तो गोल फिरवू नकोस. एकेका ठोक्यावर काप, आठ-दहा तुकडे कर, आणि फोनच्या चौकोनांवर टाकून बोटांनी तुझ्या मनाने वाजव. क्रम उलटा कर, एक तुकडा दोनदा वाजव, एक गाळ. बोटं चुकतील तिथेच पुष्कळदा चांगलं सापडतं.

कापल्या जागी टक् असा आवाज येतो ना? तो आला की तुझा फोन बिघडला असं समजू नकोस. लाट मधल्या रेषेला टेकते तिथे काप, नाहीतर तुकड्याच्या दोन्ही टोकांना अगदी बारीक फेड दे, म्हणजे आवाज हळूच चढव आणि हळूच उतरव. आणि तुकड्यात मूळचा ढोलक असेल तर त्याच्यावर तुझा ढोल टाकलास की दोघं भांडतात. अशा वेळी तुकड्याचा खालचा घुमारा, 150-200 हर्ट्झच्या खालचा, फिल्टरने काढून टाक. सुपात धान्य घेऊन पाखडतेस तसं समज, कोंडा उडाला की दाणा दिसतो. मग त्या रिकाम्या जागेत तुझा ठोका बसव.

सूर खालीवर करायला घाबरू नकोस. बारा अर्धस्वर वर नेलंस की सूर एक सप्तक चढतो, आणि जुन्या पद्धतीने केलंस तर वेगही दुप्पट होतो. बाईचा आवाज चार-पाच अर्धस्वर खाली आणलास की तो कुठल्यातरी वयस्क पुरुषाचा वाटतो, गंमत असते. आजकाल गाण्यातून आवाज आणि वाद्यं वेगळी करणारी साधनंही आहेत, 2019 मध्ये डीझर कंपनीनं ‘स्प्लीटर’ फुकट खुलं केलं तेव्हापासून घरबसल्या होतं हे. पण वेगळा केलेला आवाज जरा पाण्याखालून आल्यासारखा लागतो. सुरुवातीला त्याच्या नादी लागू नकोस, नाहीतर आठवडा आवाज सोलण्यात जाईल आणि बीट तशीच राहील.

आता तुझी खरी भीती. “ताई, पोलीस नाही ना यायचे?” नाही यायचे गं माय, तू खोलीत बसून शिकतेस तोवर कुणी येत नाही. प्रश्न सुरू होतो तो बाहेर टाकायच्या वेळी. आणि ‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ असं तुझ्या मैत्रिणीच्या भावाने सांगितलं असेल, तर त्याला म्हणावं कलम दाखव. आपल्या 1957 च्या कायद्यात असं कुठलंही सेकंदांचं माप नाही. सूर बदलून, वेग बदलूनही मूळ तुकडा त्यांचाच राहतो. मोठमोठे यात अडकलेत. 2002 मध्ये ट्रुथ हर्ट्स नावाच्या अमेरिकन गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ गाणं आलं, त्यात ‘ज्योती’ चित्रपटातला लतादीदींचा आवाज होता, संगीत बप्पी लाहिरींचं. परवानगी नाही, नाव नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2003 मध्ये लाहिरींचं नाव टाकल्याशिवाय विक्री करू नका असा आदेश निघाला. ब्रिटनी स्पिअर्सच्या ‘टॉक्सिक’मधली ती व्हायोलिनं ऐकली असशील. ती ‘एक दूजे के लिए’मधल्या लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या गाण्यातून घेतलीत. तिकडच्या लोकांना आपल्या गाण्यांतली दोन सेकंदं कधीची दिसली होती, आपणच त्यांना जुनं म्हणत बसलो.

एका गाण्यात हक्क तीन असतात, हे नीट समजून घे. शब्दांचा एक, चालीचा एक, आणि त्या ध्वनिमुद्रणाचा एक. शब्द आणि चाल यांचा हक्क लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणाचा, ते प्रसिद्ध झालं त्या वर्षानंतर 60 वर्षं. आपल्या बहिणाबाईंचंच उदाहरण घे. त्या 1951 ला गेल्या, गाणी पुस्तकात आली 1952 ला. लेखिकेच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची 60 वर्षं पुस्तक आल्यापासून मोजतात, म्हणजे 2012 अखेर तो हक्क संपला, शब्द सगळ्यांचे झाले. पण 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटात त्यांची गाणी वसंत पवारांच्या संगीतात आली, तर त्या चालीचं गणित पवारांच्या मृत्यूपासून, आणि त्या मुद्रणाचं 1961 पासून. तिन्ही बाकी शून्य आली तरच भारतात तो तुकडा मोकळा. परदेशात नियम वेगळे, म्हणून मोठं काही करायच्या आधी वकिलाला विचार. यूट्यूबवर नुसता क्लेम आला तर हातपाय गाळू नकोस, बहुतेकदा जाहिरातीचे पैसे मूळ मालकाला जातात किंवा व्हिडिओ अडवला जातो. स्ट्राइक आली तर मात्र गंभीर हो, 90 दिवसांत तीन झाल्या की चॅनल जातं.

हे सगळं वाचून तुझा चेहरा पडला असणार, मला इथून दिसतोय. म्हणून आता माझं खरं म्हणणं सांगते. शिकताना जगाचं काप, पण बाहेर काढायचं ते आपल्या घरचं काढ. तुझ्याकडे काय कमी आहे? भरताची वांगी भाजून लाकडी भांड्यात ठेचतात, तो आवाज कधी फोनवर टिपून ऐकलायस? खाली थोडा जड केलास तर असला ठोका मिळतो की विकतच्या आवाजांत मिळणार नाही. धुणं धोपटल्याचा सपका टाळीच्या जागी बसतो. काचेच्या बांगड्या हलवल्या की ती किणकिण वरच्या बारीक ठोक्यांना. धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर मूठ मारून बघ, रिकामी असेल तर. मी भरलेल्या कोठीवर मारत बसले होते अन् म्हणत होते, माझा फोनच बेकार. टिपताना कुलर बंद कर, फ्रिजचा स्विच काढ (परत लाव!), दार लावून मागे गोधडी टांग म्हणजे खोली घुमत नाही. फोन आवाजापासून हातभर लांब.

आणि मग आजी. तिला जात्यावरच्या ओव्या येतात, अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावर म्हणायची गौराईची गाणी येतात. ओवी ठेक्यात बसत नाही म्हणून कुरकुरू नकोस. जातं जड लागलं की ओवी रेंगाळते, दाणा सरला की पळते. तिला 90 च्या चौकटीत ठोकून बसवू नकोस. ओवी मोकळी ठेव आणि ठोके तिच्या मागे सरकव, किंवा नुसता जात्याचा एक फेरा कापून तोच ताल कर.

पण विचारून, बरं का. ती आपली आजी आहे म्हणून विचारायचं नाही, असं नसतं. कायद्यातही गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क आहे, कलम 38, तो 50 वर्षं चालतो, आणि त्यात आजी मोडते. कायदा राहू दे बाजूला. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने टिपून ठेवलं म्हणून ती गाणी त्यांच्या नावानं राहिली. त्यांच्याच काळातल्या आसोद्याच्या, अमळनेरच्या, शिरपूरच्या इतर किती बाया दळताना गात असतील, त्यांची नावं कुठे आहेत? पुण्याच्या गी पॉटवँ आणि हेमा राईरकर यांनी लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि आता ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात तेव्हा प्रत्येकीसोबत गाणारीचं नाव असतं, गाव असतं, कितीदा तर फोटोही. तू तसंच कर. गाण्याच्या खाली आधी आजीचं नाव, गाव, मग तुझं.

कानबाईची गाणी टिपायची असली तर आणखी एक पथ्य. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते ती, रात्रभर बाया गातात, आवाज तर काय सुंदर लागतात, आणि तुझे हात शिवशिवणार. पण त्या देवीसमोर गातायत, तुझ्या मायक्रोफोनसमोर नाही. आधी घरच्या मोठ्या बाईला विचार. बीट तयार झाली की तिला ऐकव, आणि ती म्हणाली की हे हळदीच्या नाचात वाजवू नको, तर नाही वाजवायचं. तिथे वाद घालायचा नाही. टाळ्या आणि फुगडीचे पाय दे म्हणाली तर तेवढंच घे, त्यातही पुष्कळ आहे.

आईची काळजी मी घेते. “ही पोर दिवसभर कानात बोंडं घालून काय टकटक करते” हे मला फोनवर ऐकवून झालंय तिचं. तिला समजावत बसू नकोस, ऐकव. तिने ठेचलेल्या भरताचा ठोका तिलाच ऐकव आणि बघ काय म्हणते. माझी आजी पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती, “काय करी राहिनी व तू, मना आवाज आसा जाडा कसा झाया?” मी सूर खाली ओढला होता तो तिला मुळीच आवडला नाही. परत वर नेला. आजीचं बरोबर होतं.

डीजेवाल्या पोरांकडे जायला लाजू नकोस. चुलतभाऊ असेलच कुणीतरी, सगळ्यांचा असतो. त्याच्या मोठ्या स्पीकरवर एकदा तुझी बीट वाजवून बघ, दिवसा, रिकाम्या ओट्यावर. हेडफोनमध्ये छान वाटणारा खालचा आवाज तिथे सगळं गिळून टाकतो, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. तो म्हणेल, “ताई, बेस अजून वाढव.” तेवढं ऐकू नकोस.

या आठवड्यात एवढंच कर, एक तुकडा, एक ठोका, एक बांगडी. तीन आवाजांच्या वर जाशील तर मला सांगूच नकोस. आवाज बरा नाही वाटला की अजून एक वाद्य टाकावंसं वाटतं, अन् मग गोंगाट होतो. उलट एक काढून बघ. फाइलला तारीख आणि वेग यांचं नाव दे. माझ्याकडे ‘फायनल’, ‘फायनल खरं’, ‘आता शेवटचं’ अशी घराणी आहेत, त्यातलं कुठलं कुणाचं हे मलाच कळत नाही. एक प्रत पेनड्राइव्हवर टाक, भाऊ लॅपटॉप फॉरमॅट करतो त्याच दिवशी आपलं काम त्यात असतं.

आणि झालं की मला पाठव. पण व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज करून नको, स्पीकरला फोन लावून तर अजिबात नको. मूळ डब्ल्यूएव्ही फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठव, आणि सोबत लिही, भरीत कुणी ठेचलं.